पुन्हा ऐकण्याची वाट : लैफ ऊवे आन्स्नेस यांच्या ध्वनिमुद्रणांकडे जाताना

पियानो मराठी घरांत फारसा आला नाही, तरी मराठी कानांना तो अनोळखी नाही. मोठ्या दिवाणखान्यात नायक पियानोपाशी बसतो आणि मनातले सगळे गाण्यातून सांगून टाकतो, हे दृश्य आपल्या कित्येक पिढ्यांनी पडद्यावर पाहिले आहे. त्या गाण्यांमागे वाजणाऱ्या वाद्यवृंदांत गोव्याकडचे कितीतरी वादक होते. घरी किंवा चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकून ते मुंबईला आले होते. वाद्य असे ओळखीचे झाले. ज्या संगीतासाठी ते दोन-अडीचशे वर्षे घडत गेले, ते संगीत मात्र आपल्यापैकी बहुतेकांसाठी उंबऱ्यापलीकडेच राहिले. आवड नव्हती म्हणून तसे झाले, असे मला वाटत नाही. कुठून सुरुवात करायची हे सांगणारे कोणी भेटले नाही, एवढेच.

पुढील पाने त्यासाठी आहेत. या संगीताचा समग्र इतिहास त्यांत नाही. एका वादकाचा हात धरून आत जावे, त्याने जे वाजवले ते ऐकत ऐकत खोल्या ओळखीच्या करून घ्याव्यात, इतकाच बेत आहे. हा वादक नॉर्वेचा. त्याचे नाव मराठीत बरेच वेगवेगळे लिहिलेले दिसेल. नॉर्वेजियन उच्चाराच्या जवळ जायचे तर ते लैफ ऊवे आन्स्नेस असे होते. आडनावातला ‘ड’ लिहितात, पण बोलताना तो ‘ड’ म्हणून ऐकू येत नाही. जन्म 7 एप्रिल 1970. विशीत असताना त्यांची ध्वनिमुद्रणे बाजारात येऊ लागली आणि तेव्हापासून तो ओघ थांबलेला नाही. पस्तीस वर्षांच्या या कामातून एक सवय ठळक दिसते. आन्स्नेस परत येतात. तरुणपणी वाजवलेली रचना दहा-बारा वर्षांनी पुन्हा उचलतात, वेगळ्या वाद्यवृंदाबरोबर, वेगळ्या समजुतीने. एकच राग जन्मभर ऐकूनही ज्यांना कंटाळा येत नाही अशा श्रोत्यांना ही सवय वेगळी समजावून सांगायला नको.

तरीही पहिल्या भेटीत थोडा गोंधळ होतो, आणि तो होणारच. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी दर महिन्याला जमणाऱ्या श्रोत्यांच्या बैठकीत मी आन्स्नेस यांनी वाजवलेला एडवर्ड ग्रीगचा ‘आरिएट्टा’ लावला. जमलेली मंडळी ख्यालात मुरलेली. विलंबित ख्याल तासभर चालला तरी मांडी न मोडणारी. ‘आरिएट्टा’ दीड मिनिटाच्या आत संपतो. तो संपल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही, मग एक ज्येष्ठ श्रोते म्हणाले, “इतकंच?” त्या प्रश्नात नाराजी नव्हती, खरोखरची विचारणा होती. मी तीच रचना पुन्हा लावली, आणि मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, “मधला सूर खाली उतरतो ना, तिथे जरा थांबायला हवं होतं असं वाटलं. पण तो थांबत नाही, तेच बरं.” हे लिहिताना तीच बैठक माझ्या डोळ्यांसमोर आहे. वाचकांनी स्वतःला त्या ज्येष्ठांच्या जागी बसवावे, अशी विनंती आहे.

आता थोडी पार्श्वभूमी. नॉर्वे चारशे वर्षे डेन्मार्कच्या सत्तेखाली होता, त्यानंतर 1814 पासून स्वीडनशी जोडलेला राहिला आणि 1905 मध्ये स्वतंत्र झाला. एकोणिसाव्या शतकात तिथल्या लेखकांना, चित्रकारांना आणि संगीतकारांना आपल्या मातीचा आवाज कोणता, हा प्रश्न सतावत होता. ग्रीग (1843 ते 1907) बर्गन या किनारी शहरात जन्मला आणि पंधराव्या वर्षी जर्मनीतल्या लाइपझिगला शिकायला गेला. विद्या जर्मन मिळाली, कान मात्र डोंगरातल्या वादकांकडे लागलेला राहिला. त्या वादकांच्या हाती जे वाद्य असे, त्याचे नाव हार्डांगर फिडल. दिसायला व्हायोलिनसारखे, पण त्याच्या मुख्य चार तारांखाली आणखी चार-पाच तारा असतात. गज त्यांना शिवत नाही, वरच्या सुरांबरोबर त्या आपोआप गुणगुणतात. सारंगी किंवा सतार ज्यांनी जवळून पाहिली आहे ते लगेच म्हणतील, या तर तरफेच्या तारा. खरोखर तशाच आहेत. हजारो मैलांवरच्या दोन संगीतांनी एकाच प्रश्नाचे, म्हणजे सुरामागे सावली कशी ठेवायची याचे, एकच उत्तर शोधले आहे.

या वाद्याची एक हकिगत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. टेलेमार्क भागातल्या क्नूत डाले या वादकाला वाटू लागले की आपल्याबरोबर या चाली नाहीशा होतील. त्या चाली त्याने आधीच्या पिढीतल्या वादकांकडून घेतल्या होत्या. त्यांच्यापैकी एक होता म्यूलार्गुटेन नावाने गाजलेला वादक. या नावाचा अर्थ गिरणीवाल्याचा पोरगा. डालेने ग्रीगला पत्र लिहिले. ग्रीगने हे काम आपला मित्र, व्हायोलिनवादक युहान हाल्वोर्सन याच्याकडे सोपवले. 1901 मध्ये डाले राजधानीत येऊन वाजवत राहिला आणि हाल्वोर्सन ते कागदावर उतरवत राहिला. त्या सतरा चालींवरून ग्रीगने पियानोसाठी ‘स्लोटर’ हा संच लिहिला आणि हाल्वोर्सनने केलेली मूळ नोंदही त्याबरोबर छापली जावी असा आग्रह धरला. गुरूच्या तोंडून घेतलेली बंदिश कोणाची, याबद्दल आपण जितके काटेकोर असतो, तितकाच तोही होता. पियानोवर मींड नाही, गज नाही, तरफ नाही. एकदा वाजवलेला सूर तिथूनच विरायला लागतो. असे असूनही ‘स्लोटर’ ऐकताना सुरांच्या एकमेकांवर घासण्यातून त्या डोंगरी वाद्याचा खरखरीत आवाज कानात उभा राहतो. आन्स्नेस यांनी या संचातल्या निवडक रचना वाजवल्या आहेत, आणि त्या वाजवताना कडा घासून गुळगुळीत केलेल्या नाहीत.

नॉर्वेच्या पियानोवादकांची परंपरा ग्रीगच्या बरोबरीने सुरू होते. त्याची समवयस्क आगाथे बाकर ग्रोन्डाल ही थोर वादक आणि रचनाकारही होती. विसाव्या शतकात रॉबर्ट रीफलिंग आणि एव्हा क्नार्दाल यांनी हा वारसा पुढे नेला. क्नार्दाल यांनी ग्रीगच्या पियानोरचना ध्वनिमुद्रित करण्याचे मोठे काम हाती घेतले आणि पार पाडले. आन्स्नेस यांच्या आधीची ही नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत. एकट्या माणसाकडे पाहून परंपरा दिसत नाही.

आन्स्नेस यांचा जन्म पश्चिम किनाऱ्यावरच्या कार्मॉय या बेटावरचा. आई-वडील दोघेही संगीतशिक्षक. सोळाव्या वर्षी ते बर्गनच्या संगीतशाळेत यिरी ह्लिंका या चेक शिक्षकांकडे शिकायला गेले. हा तपशील छोटा दिसतो, पण पुढच्या कामाची एक किल्ली त्यात आहे. चेक संगीतकार यानाचेकच्या पियानोरचना आन्स्नेस यांनी अगदी सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रित केल्या, आणि पन्नाशी ओलांडल्यावर, 2022 मध्ये, ड्वोर्झाकचा ‘पोएटिक टोन पिक्चर्स’ हा तेरा रचनांचा संच. ड्वोर्झाकचा पियानो फारसा कोणी वाजवत नाही. शिक्षकाकडून मिळालेले बियाणे किती वर्षांनी उगवेल हे सांगता येत नाही, पण ते कुठून आले हे इथे स्पष्ट दिसते.

या वादकाची कीर्ती एखाद्या गाजलेल्या स्पर्धेतल्या विजयावर उभी नाही, हेही सांगायला हवे. पाश्चात्त्य पियानोच्या जगात स्पर्धेला मोठे वजन आहे. बहुतेक कारकिर्दी तिथूनच सुरू होतात. आन्स्नेस यांना 1998 मध्ये जो गिल्मोर पुरस्कार मिळाला, त्याची पद्धत वेगळी आहे. त्यासाठी अर्ज करता येत नाही. परीक्षक कोणालाही कळू न देता मैफलींना जाऊन बसतात, ध्वनिमुद्रणे ऐकतात, आणि वादकाला आपला विचार चालू होता हे निकाल लागल्यावरच समजते. अशा पुरस्काराला हा वादक साजेसा होता असे मला वाटते, कारण त्यांच्या वादनात कोणी बघते आहे याची जाणीव जवळजवळ नसते.

आता कामाकडे वळू. सुरुवात ग्रीगच्या कन्चेर्टोपासून करणे सोपे नाही, पण टाळताही येत नाही. कन्चेर्टो म्हणजे एक वादक आणि एक वाद्यवृंद यांच्यातला मोठा संवाद, बहुधा तीन भागांचा. ग्रीगने हा कन्चेर्टो 1868 मध्ये डेन्मार्कमध्ये उन्हाळ्याला गेला असताना लिहिला. तेव्हा त्याला पंचविसावे लागले होते. पुढच्या वर्षी कोपनहेगनमध्ये तो पहिल्यांदा वाजला. लाइपझिगला असताना क्लारा शुमान यांना त्याने त्यांचे पती शुमान यांचा कन्चेर्टो वाजवताना ऐकले होते. ग्रीग आणि शुमान या दोघांचे कन्चेर्टो एकाच स्वरापासून, एकाच कोमल छटेत उभे आहेत. आन्स्नेस यांनी 2002 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक आणि संचालक मारिस यान्सन्स यांच्याबरोबर हे दोन्ही वाजवले आणि ते एकत्र प्रसिद्ध झाले. हे दोन एकापाठोपाठ ऐकले की नाते कानानेच कळते.

या कन्चेर्टोची सुरुवात वाचकांनी एकदा नीट कान देऊन ऐकावी. आधी टिंपनी, म्हणजे मोठी धातूची नगारी, हलक्या गडगडाटातून चढत जाते. तिच्या शिखरावर पियानो कोसळतो. त्याच्या वाट्याचे पहिले तीन सूर आपल्या भाषेत सांगायचे तर सा, शुद्ध नी, प, वरून खाली. हार्मोनियम घरी असेल तर सहा पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांत ते सापडतील. ही उतरण ग्रीगच्या इतर रचनांतही इतकी येते की अभ्यासक तिला त्याच्याच नावाने ओळखतात. आता शेवटाकडे या. तिसऱ्या भागाच्या अखेरीला, सगळा वाद्यवृंद विस्तारून मुख्य चाल गात असताना, ज्या जागी शुद्ध निषादाची सवय झालेली असते तिथे कोमल निषाद येतो. 1870 मध्ये रोममध्ये फ्रान्झ लिस्ट हा कन्चेर्टो हस्तलिखितावरून प्रथमच वाजवत होता. या जागेवर तो थांबला, उठला आणि तोच सूर मोठ्याने उच्चारून दाद दिली, असे ग्रीगने घरी लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे. चुकीच्या वाटणाऱ्या जागी बरोबर लागलेला एक सूर. अशा जागेला मैफलीत आपल्याकडूनही “वा” आपसूक निघून जाते.

आन्स्नेस यांनी हा कन्चेर्टो पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केला तो विशीत, बर्गन फिलहार्मोनिक आणि दिमित्री किताएन्को यांच्याबरोबर. 1990 च्या सुमाराचे ते मुद्रण. हा वाद्यवृंद 1765 पासूनचा, ग्रीगच्या गावचा. बर्लिनचे मुद्रण त्यानंतर बारा वर्षांनी. पहिल्यात पियानो पुढे धावतो. तरुणाला सगळेच सांगायचे असते, आणि ते सांगण्यात एक स्वच्छ आनंद आहे. दुसऱ्यात तो मागे बसलेल्या बासरीचे, चेलोचे ऐकतो आणि मग बोलतो. दुसऱ्या भागात, जिथे तंतुवाद्यांची शांत चाल संपता संपता पियानो वरून हलकेच उतरतो, तिथे हा फरक कोणालाही ऐकू यावा. मला विचाराल तर दुसरे मुद्रण अधिक खोल आहे, पण पहिल्यातली घाई गेली याचे थोडे दुःखही होते. वाचकांनी दोन्ही ऐकून आपला कौल द्यावा. तो माझ्यापेक्षा वेगळा पडला तर तेही ऐकणेच झाले.

ज्यांना इतक्या मोठ्या रचनेला एकदम हात घालवत नाही, त्यांनी ग्रीगच्या छोट्या रचनांकडे जावे. मी तर तिथूनच सुरुवात करा असे सुचवीन. ‘लिरिक पीसेस’ या नावाखाली ग्रीगने 1867 ते 1901 या काळात दहा संच छापले. एकूण रचना 66. फुलपाखरू, झरा, वसंताची चाहूल, ट्रोल नावाच्या लोककथेतल्या राक्षसांची मिरवणूक, असे त्यांचे विषय. घरोघरीच्या पियानोवर वाजाव्यात म्हणून त्या लिहिल्या आणि तशा त्या वाजल्याही. म्हणूनच फार काळ त्यांना किरकोळ समजले गेले. त्यांतल्या घंटानादाच्या रचनेत तर जवळजवळ फक्त षड्ज-पंचमाच्या जोड्या एकमेकींवर सरकत जातात. तानपुऱ्याच्या सुरात बसलेल्या माणसाला ही रचना ऐकताना, अरे, हे कोणी लिहिले, असे क्षणभर वाटून जाईल.

या रचनांतल्या दोन डझनभर आन्स्नेस यांनी ध्वनिमुद्रित केल्या त्या ग्रीगच्या घरी, त्याच्याच पियानोवर. बर्गनजवळ तळ्याकाठी ट्रोल्हाउगेन नावाचे त्याचे घर आहे, 1885 मध्ये बांधलेले. ग्रीग आणि त्याची गायिका पत्नी नीना यांच्या लग्नाला 1892 मध्ये पंचवीस वर्षे झाली तेव्हा भेट मिळालेला स्टाइनवे पियानो दिवाणखान्यात आहे. ग्रीग उंचीने खूपच लहान होता, जेमतेम पाच फूट. तळ्याकाठच्या लाकडी खोपटात काम करताना खुर्चीवर बीथोवनच्या सोनाटांचा जाडजूड खंड ठेवून त्यावर तो बसे, असे तिथे सांगतात. त्या घरातला तो पियानो हजार माणसांच्या सभागृहासाठीच्या आजच्या वाद्यांसारखा झळाळत नाही. त्याचे खालचे सूर गडद आणि जरा धूसर, वरचे किंचित लाकडी. आन्स्नेस या वाद्यावर जोर लावत नाहीत. सूर विरत जातो तसा ते विरू देतात आणि पुढचा सूर त्या विरण्यातून उचलतात. खोलीत आपण, तो पियानो आणि खिडकीबाहेरचे तळे एवढेच आहे असे वाटते. 2002 मध्ये हे मुद्रण प्रसिद्ध झाले. आन्स्नेस यांच्या सगळ्या कामातून एकच तबकडी ठेवायची वेळ आली तर मी ही ठेवीन.

याच्या जोडीला वाचकांनी ‘द लाँग, लाँग विंटर नाइट’ हे 1998 चे मुद्रण ठेवावे. त्यात ग्रीगनंतरचे नॉर्वेजियन संगीतकार भेटतात. हार्डांगर भागातल्या लोकचालींवर गाइर त्वाइट यांनी पियानोरचना केल्या. 1970 मध्ये त्यांच्या शेतघराला आग लागली आणि हस्तलिखितांचा फार मोठा भाग जळून गेला. जे वाचले त्यातल्या काही चाली या मुद्रणात आहेत. त्यांच्यातला उजेड, बर्फावर पडलेल्या उन्हासारखा तिरपा, एकदा ऐकला की विसरत नाही. हाराल्ड सेवेरूद, फार्तेन वालेन, डेव्हिड मोनराड युहान्सेन हेही इथे आहेत. आपल्या देशाच्या कमी ओळखीच्या संगीतकारांसाठी आपली कीर्ती वापरणारा वादक सगळीकडे भेटत नाही, म्हणून ही तबकडी मला फार मोलाची वाटते.

ग्रीगवरून मोट्झार्टकडे आणि बीथोवनकडे जाणे ही आन्स्नेस यांच्या मधल्या वयातली मोठी वाटचाल. बीथोवनच्या कन्चेर्टोंचा विचार ब्राझीलमधल्या एका हॉटेलच्या लिफ्टमध्ये सुरू झाला, असे ते सांगतात. तिथे पहिले दोन कन्चेर्टो सतत वाजत असत, आणि चढता-उतरताना ऐकलेल्या तुकड्यांनी त्यांना पकडून ठेवले. पुढे 2012 ते 2015 या काळात मालर चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर त्यांनी पाचही कन्चेर्टो जगभर वाजवले. 27 देशांतल्या 108 शहरांत 230 पेक्षा जास्त कार्यक्रम झाले. स्वतंत्र संचालक नव्हता; पियानोपाशी बसूनच ते वाद्यवृंदाला इशारे देत. हा प्रवास चालू असताना काही ठिकाणी वादक मंडळी कर्णबधिर मुलांना भेटत. मुलांनी वाद्यांना हात लावायचा, पियानोच्या लाकडातून येणारा थरार अंगावर घ्यायचा, असे ते उपक्रम होते. ऐकू येईनासे झाल्यावरही लिहीत राहिलेल्या संगीतकाराला याहून चांगले वंदन मला सुचत नाही.

या संचात नवख्या श्रोत्याने चौथा कन्चेर्टो आधी घ्यावा. त्या काळी कन्चेर्टोची सुरुवात वाद्यवृंदाने करायची असा रिवाज होता. इथे पियानो एकटाच, हळू आवाजात, एखादे वाक्य स्वतःशीच पुटपुटावे तसा बोलतो, आणि वाद्यवृंद त्याला भलत्याच स्वरस्थानावरून, दूरच्या डोंगरावरून आल्यासारखे उत्तर देतो. आन्स्नेस ती पहिली पाच मापे वाजवतात तेव्हा वजन कुठेच येत नाही. मग दुसऱ्या भागात कठोर तंतुवाद्यांसमोर तोच मृदू आवाज हळूहळू त्यांना कसा नमवतो ते ऐकावे.

मोट्झार्टकडे तर ते अक्षरशः परतले. त्याचा विसावा कन्चेर्टो त्यांनी नॉर्वेजियन चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर 2008 मध्ये प्रसिद्ध केला होता, आणि 2021 मध्ये तोच मालर चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर पुन्हा. दुसऱ्या वेळी मात्र तो एकटा नव्हता. मोट्झार्टच्या आयुष्यातली 1785 आणि 1786 ही दोनच वर्षे घेऊन, त्या वर्षांतले कन्चेर्टो, चौकडी, गीत, एकट्या पियानोच्या रचना असे सगळे एकत्र मांडायचे, अशी त्यांची योजना होती. विसावा कन्चेर्टो मोट्झार्टने 10 फेब्रुवारी 1785 ला पुरा केला आणि दुसऱ्याच दिवशी व्हिएन्नात वाजवला. त्याचे वडील लेओपोल्ड तेव्हा तिथे हजर होते. वाद्यवृंद अस्वस्थ, काळोखी चाल वाजवून थांबतो. पियानो ती चाल उचलत नाही. तो स्वतःचेच काहीतरी, एकाकी, नवे बोलू लागतो. एक माणूस समाजासमोर उभा राहून वेगळे काही म्हणतो तो क्षण मोट्झार्टला इथे सापडला, ही आन्स्नेस यांची धारणा आहे. त्यांचे वादन ऐकले की मला ती पटते.

उरलेल्या कामाला इथे फक्त स्पर्श करतो. इयन बॉस्ट्रिज या इंग्लिश गायकाबरोबर शुबर्टची ‘विंटररायझं’ ही गीतमाला आणि त्याच्या उत्तरकाळातल्या सोनाटा. रखमनिनोवचे चारही कन्चेर्टो, ज्यांतला तिसरा त्यांनी तरुणपणी ऑस्लोच्या आणि पुढे लंडनच्या वाद्यवृंदाबरोबर असा दोनदा दिला. हायडनचे कन्चेर्टो, ज्यांना 2000 मध्ये ग्रामोफोन पुरस्कार मिळाला. सिबेलियसच्या दुर्लक्षित छोट्या पियानोरचना. लुटोस्वाव्स्की, कुर्ताग आणि बेंट सोरेन्सेन यांचे नवे संगीत. यांतले प्रत्येक पुढे स्वतंत्र प्रकरणात येईल.

काही जाणकारांना आन्स्नेस अती संयत वाटतात. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. शोपँच्या बॅलडमध्ये अजून थोडी बेफिकिरी असती तर बरे, असे मलाही वाटून गेले आहे. पण संयमाला कोरडेपणा समजण्याची घाई करू नये. मंद्र सप्तकात अर्धा तास रेंगाळणाऱ्या गायकाला आपण कोरडा म्हणत नाही. त्याच मापाने इथे मोजावे.

ऐकायची रीत म्हणून तीनच सूचना. एका बैठकीत एकच रचना घ्या आणि ती किमान दोनदा ऐका. पहिल्यांदा काही ‘समजले’ नाही म्हणून बेचैन होऊ नका. चालीपेक्षा आधी आवाज ओळखीचा होऊ द्या. आणि जमल्यास हेडफोन टाळा, कारण पियानोला खोली लागते. त्यापलीकडे काही लागत नाही. नोटेशन वाचता येत नसेल तरी चालेल. या पानांत जिथे शक्य आहे तिथे मी सरगमीचाच आधार घेतला आहे.

उन्हाळ्यात नॉर्वेला जाणे होणार असेल तर ध्वनिमुद्रणांपलीकडेही हा माणूस भेटू शकेल. दक्षिण किनाऱ्यावरच्या रीसर या लाकडी घरांच्या गावातला महोत्सव त्यांनी व्हायोलावादक लार्स आन्डर्स टोम्टर यांच्या साथीने जवळजवळ दोन दशके चालवला. 2016 पासून हार्डांगर फियोर्डकाठच्या रोसेनदालमध्ये, सतराव्या शतकातल्या वाड्याच्या आवारात, ऑगस्टमध्ये ते स्वतःचा महोत्सव भरवतात. पाच-सहा मित्र वादक, थोडे श्रोते, समोर पाणी आणि डोंगर.

आता सुरुवातीच्या त्या ‘आरिएट्टा’कडे. ‘लिरिक पीसेस’चा पहिला संच त्याने उघडतो, ग्रीग तेव्हा चोविशीच्या आसपास होता. चौतीस वर्षांनी दहाव्या संचातली शेवटची रचना लिहिताना त्याने तीच चाल परत घेतली. दोन मात्रांत चालणारी ती चाल आता तीन मात्रांच्या ठेक्यावर, वॉल्ट्झच्या गतीत डुलू लागली. त्या रचनेचे नाव ‘एफ्टरक्लांग’, म्हणजे मागे राहिलेला नाद. 1903 च्या वसंतात पॅरिसमध्ये ग्रीगने स्वतःच्या नऊ रचना ग्रामोफोनसाठी वाजवल्या, त्यांत ही आहे. वाचकांनी आधी आन्स्नेस यांचा ‘आरिएट्टा’ लावावा, मग ट्रोल्हाउगेनच्या दिवाणखान्यात ग्रीगच्याच पियानोवर वाजवलेला त्यांचा ‘एफ्टरक्लांग’, आणि मग ग्रीगचे ते जुने मुद्रण. त्याची खरखर मोठी आहे, पावसात पत्र्याखाली उभे राहिल्यासारखी. पण दहा-बारा सेकंदांत कान तिला बाजूला सारतो. तिच्या मागून साठीला आलेला, आजारी, छोट्या चणीचा एक माणूस तीच चाल वाजवतो आहे, ठरल्या वेळेपेक्षा किंचित आधी पुढच्या मात्रेवर जात, आणि मग तिथे रेंगाळत.